जर्मन बापूची हाक

"ताई, बापू उठून नाई राह्यला…" वैशाखातल्या एका सकाळी माझ्या धाकट्या भावाचा, पोखरणचा फोन आला. फोन कानाला लावून दोघंही तसेच उभे राहिलो, तो तांड्यावर आणि मी यवतमाळच्या घरात. त्याच्याकडून कोंबड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी हापसा मारत होतं. बापू अंगणातल्या कडुनिंबाखाली बाजेवर झोपला होता, तो उठलाच नाही. वय पंच्याऐंशीच्या आसपास, ना दुखणं ना दवाखाना. भेटायला आलेले लोक म्हणाले, सोन्यासारखं मरण आलं. आलं असेल. मला त्यात सोनं काही दिसलं नाही. माझा बाप गेला होता.

मृत्यूची नोंद करताना ग्रामपंचायतीतल्या तरुण पोराने नाव विचारलं. पोखरण म्हणाला, "जर्मन धावजी राठोड." पोराने मान वर केली. "आन् तुमचं?" "पोखरण जर्मन राठोड." त्या बिचाऱ्याला वाटलं, हा माणूस दुःखाने भ्रमला आहे. मग मी मध्ये पडून सांगितलं की हे सगळं खरं आहे, माझं नाव मुक्ती आहे, आणि आम्हाला एक थोरला भाऊ होता, त्याचं नाव ताश्कंद. पोराने पुढे विचारलं नाही, पण पेन हातात तसंच धरून तो आमच्याकडे बघत राहिला. त्याला उभ्या उभ्या जे सांगता आलं नाही, ते आता बसून लिहिते आहे.

आमचा तांडा दिग्रसपासून थोडा आत, अरुणावती नदीच्या अंगाला. आम्ही बंजारा. पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर हिंडायचे. आजोबांपर्यंत येता येता ते हिंडणं दिग्रसच्या कापूसबाजारापुरतं उरलं. आजोबा बैलगाडीने जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याला, कापूस पोचवायचे. तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची ती मोठी लढाई चालू होती. जिनिंगच्या आवारात कधीमधी गोरा साहेब यायचा, आणि कुणी जर्मनांची बातमी काढली की त्याचं तोंड उतरायचं, एवढं आजोबांनी पाहून ठेवलं. घरी आले तर मुलगा झालेला. ज्याला साहेब घाबरतो तेच नाव याचं, असं म्हणून ते मोकळे झाले. जर्मन म्हणजे माणूस, गाव की एखादा रोग, हे त्यांना ठाऊक नव्हतं. साहेब घाबरतो हे मात्र पक्कं ठाऊक होतं.

बापू मिसरूड फुटायच्या आधीच त्याच जिनिंगमध्ये कामाला लागला, प्रेसवर, रुईच्या गाठी बांधायला. दिवाळीनंतर हंगाम सुरू व्हायचा आणि होळीच्या आसपास यंत्रं थंडावायची. तिथल्या खडखडाटात ओरडून ओरडून त्याचा आवाज असा झाला होता की तो घरात कुजबुजला तरी शेजारी उत्तर द्यायचे. जेवणाच्या सुट्टीत मुनीम पेपर मोठ्याने वाचायचे आणि हा भाकरीवर चटणी लावता लावता ऐकायचा. त्याला वाचता फारसं येत नव्हतं, पण ऐकलेलं त्याच्या डोक्यातून जात नसे. बांधलेली गाठ मुंबईला जाते आणि तिथून बोटीने कुठल्या कुठल्या मुलखात जाते, हेही त्याला मुनिमांनीच सांगितलेलं. आपण दाबून बांधलेला कापूस जिथे जातो, तिथे आपलं काहीतरी नातं लागतं, असं त्याला मनापासून वाटायचं. घरात आम्ही आमची बंजाऱ्यांची गोरबोली बोलतो; पण आयुष्य जिनिंगमध्ये गेल्यामुळे बापूच्या तोंडी वऱ्हाडीच जास्त असे. म्हणून इथे तीच लिहिते.

होळीच्या सणात आमच्याकडे धुंड असतो. त्या वर्षात जन्मलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसायचं, वर चादर धरायची, गडी माणसं काठीवर काठी आपटत आशीर्वादाची गाणी म्हणतात. हंगाम संपवून बापू नेमका तेव्हा घरी आलेला असायचा, डोक्यात अख्ख्या मोसमाच्या बातम्या घेऊन. तो सतरा-अठरा वर्षांचा असताना रशियाने आकाशात यान सोडलं, मागोमाग एक कुत्रीही पाठवली. त्या होळीला चुलत भावाच्या मुलीचं नाव काय ठेवावं यावर बायका वाद घालत होत्या, तर हा मागून म्हणाला, "रशिया ठेवा." सगळे हसले. हसता हसता ते नाव त्या पोरीला चिकटलं ते चिकटलंच. धुंड खरं तर मुलांचाच, पण नाव बापू मुलींनाही त्याच दिवशी ठेवायचा, आणि म्हाताऱ्यांनी नाक मुरडलं तरी ऐकायचा नाही. पुढे हे कामच त्याच्याकडे आलं. कुठे क्षेपणास्त्रांवरून जग बुडायची वेळ आली होती, त्या वर्षीचा मुलगा क्यूबा. माणूस चंद्रावर गेला तेव्हाचा अपोलो. बांगलादेशच्या लढाईत मुक्तीवाहिनीचं नाव रोज कानावर पडायचं, म्हणून मी मुक्ती. आणि वाळवंटात अणुस्फोट झाला त्या वर्षीचा आमचा पोखरण, ज्याने आयुष्यात कधी दिवाळीचा फटाकाही धीटपणे लावला नाही.

दिवेलागणीला बापू दाराशेजारच्या मोठ्या धोंड्यावर उभा राहायचा आणि आपल्या त्या आवाजात हाका मारायचा. नुसती आपली पोरं नाहीत, सगळ्या तांड्याची. "ए रशिया… ए क्यूबा… ए ताश्कंद… ए अपोलो… चला घरी, जेवाले." आम्ही नदीच्या रेतीत असू, कुणाच्या तरी तुरीत असू, जिथे असू तिथून धावत सुटायचो. एकदा रस्त्यावर एसटी पंक्चर होऊन उभी होती. हाका ऐकून कंडक्टर खाली उतरून आला आणि त्याने आमच्या शाळेच्या गुरुजींना विचारलं, ही काय भानगड आहे. गुरुजी मिस्कील. म्हणाले, "काही नाही, आमच्या इथं रोज या वेळेला जगातले देश जेवायला बसतात." जर्मनीचे दोन तुकडे आहेत हे त्यांनीच बापूला सांगितलं होतं, आणि मग कायम विचारायचे, "काय जर्मन, तू पूर्वेचा का पश्चिमेचा?" बापूचं उत्तर ठरलेलं. "मी दिग्रसकडचा."

ताश्कंदच्या नावावरून मात्र घरात भांडण झालं होतं. तो माझ्याआधीचा, पहिलाच मुलगा. त्या हिवाळ्यात ताश्कंदला पाकिस्तानशी समझोता झाला आणि त्याच रात्री आपले पंतप्रधान तिथे, परक्या गावात वारले. मुनिमांनी पेपर वाचला तेव्हा जिनिंगमधले लोक रडले होते म्हणे. होळीला बापूने हे नाव काढलं आणि आमची याडी, म्हणजे आई, ओली बाळंतीण असूनही उठून बसली. "ज्या गावात माणूस गेला त्या गावाचं नाव काहून ठेवता?" बापू म्हणाला, "भांडण मिटलं त्या गावाचं नाव हाये ते." याडीचं काही चाललं नाही. हा प्रसंग तिनेच मला सांगितला, आम्ही लहान असताना, हसत हसत. नंतर तिने तो कधीही काढला नाही.

ताश्कंद उंच होता, बापूच्याच आवाजाचा. मला खांद्यावर बसवून नदी ओलांडायचा आणि मधोमध उभा राहून "टाकू का?" विचारायचा. मी घाबरून त्याचे केस धरायची. बारावी झाल्यावर तो यवतमाळला भरतीला गेला आणि पहिल्याच वेळी निवडला गेला. फौजेत त्याच्या नावाची फार मजा व्हायची, असं तो सुट्टीत येऊन सांगे. मग त्याची पलटण लंकेला गेली, शांतिसेनेत. "शांतीले चाललो, लढाईले नाई," असं सांगून त्याने याडीला समजावलं, आणि याडीपेक्षा बापूला ते जास्त पटलं. भांडण मिटवायला चाललाय म्हणून तो तांड्यावर सांगत सुटला होता. काही महिन्यांनी सुरुंग फुटला. ताश्कंद आला नाही. त्याच्या अस्थी आल्या आणि एक काळी ट्रंक आली, तिच्यावर पांढऱ्या रंगात त्याचं पूर्ण नाव लिहिलेलं.

मी तेव्हा दिग्रसला अकरावीत होते. त्याचे दिवस झाल्यावर एका दुपारी बापू माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "मुक्ती, तुह्या पुस्तकात लंका दाखव मले." मी नकाशाचं पुस्तक काढलं, लंका दाखवली. मग म्हणाला, "आता ताश्कंद दाखव." तेही दाखवलं, वर, पार रशियाच्या पोटात. त्याने कोपऱ्यातल्या कापसाच्या ढिगातून चिमूटभर कापूस घेतला, मांडीवर वळून त्याची लांब वात केली आणि तिचं एक टोक ताश्कंदवर ठेवलं, दुसरं लंकेवर. वात ताणून धरली. "आपलं दिग्रस कुठी येते यात?" मी बोट ठेवलं. वात आमच्या अगदी जवळून जात होती. मग बोलला ते माझ्या अजून अंगावर येतं. "मीच त्याले दूरच्या गावचं नाव देल्लं. तो घरावरून पुढं निंघून गेला."

बापू, असं नसतं… मी एवढंच म्हणाले. अकरावीतली पोरगी, मला तरी दुसरं काय सुचणार होतं. आज माझी नोकरी संपत आली, जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पण त्या दुपारचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. याडीने त्याला एका शब्दाने दोष दिला नाही. तिने बोलून घेतलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, असं मला आता वाटतं. ती गप्प राहिली आणि तिच्या त्या गप्प राहण्याखाली तो दबून गेला.

त्या होळीपासून बापूने नाव ठेवणं सोडलं. लोक बाळाला घेऊन यायचे तर हात जोडायचा. "तुमचं तुम्ही ठेवा. माह्या जिभेत दोष हाये." दोन-चार वर्षं लोक येत राहिले, मग यायचे थांबले. तांड्यावर टीव्ही आला, मालिकांमधली नावं आली. आज तिथे तीन आर्यन आहेत. आणि संध्याकाळची हाकही बंद झाली. धोंडा तसाच होता, दिवेलागणीला बापू त्याच्यावर बसायचा, पण हाक मारायचा नाही. आम्हाला जेवायला याडी बोलवायची, बारीक आवाजात, दारातून.

जग मात्र थांबलं नव्हतं. बर्लिनची भिंत पडली तेव्हा गुरुजी मुद्दाम तांड्यावर आले, मित्राला थोडं हसवावं म्हणून. "जर्मन, तुझे दोन्ही तुकडे एक झाले." बापू हसला नाही. म्हणाला, "एक झाले त बरं झालं. तिथल्या लोकायचे पोट्टे घरी आले असतीन." गुरुजी चहा न घेताच उठले. पुढे रशिया फुटला. आमची रशियाबाई तोवर दोन मुलांची आई झाली होती, डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन म्हणायची, "तो फुटला त फुटला, मी शाबूत हाये." नव्या नकाशात ताश्कंद वेगळ्याच देशात गेलं. मी बापूला सांगितलं, तर त्याने फक्त विचारलं, "पण गाव जाग्यावरच हाये ना?" मी हो म्हणाले. तेवढ्याने त्याला बरं वाटलेलं दिसलं. जिनिंग बंद पडलं, मुनीम गेले, गुरुजी गेले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत याडी गेली, आणि तिला माती देतानाही आम्हाला लांब उभं राहावं लागलं. बापू सगळ्यांना पुरून उरला. तो म्हणायचा, "मले न्यायचं इसरले वाटते."

गेल्या दिवाळीत माझ्या मुलीला, नेहाला मुलगी झाली. नेहा पुण्याला असते. जावयाला परदेशात नोकरी लागली होती आणि होळीनंतर तिघंही जाणार होते. कुठे, तर जर्मनीला. ऐकणारे लगेच म्हणतात, काय योगायोग. मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. बापूला ते बिलकूल गोड वाटलं नाही. होळीला आम्ही तांड्यावर गेलो, नेहाने बाळ त्याच्या मांडीवर दिलं आणि हसत हसत सांगितलं, "नाना, आम्ही तुमच्या देशात चाललो." त्याचा हात बाळाच्या कपाळावर होता, तो तिथेच थांबला. "लय थंडी असते म्हणतात तिथं," एवढंच बोलला. नेहा म्हणाली, "आम्ही अजून नाव ठेवलं नाही. तुम्ही ठेवायचं." त्याने बाळ उचलून तिच्याकडे परत दिलं. मी समजूत घालायला गेले, "बापू, नावानं कोणी दूर जात नाही." माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मंग मले सांग, तो काहून गेला?" अंगणात सगळे होते. पोखरणने मान खाली घातली.

नेहा माझ्यापेक्षा धीट. तिने ताश्कंदमामाला पाहिलेलं नाही, आमच्यासारखी त्या नावाची भीती तिला नाही. ती बापूच्या पायाशी बसली आणि शांतपणे म्हणाली, "नाना, तुम्ही नाव नाही ठेवलं तरी ती जाणारच आहे. मग बिननावाची जाईल." बापू काठी टेकत उठून गेला. रात्री जेवलाही नाही नीट. सकाळी उठून पाहते तर बाज रिकामी आणि नेहाजवळचं बाळही नाही. मी नेहाला हलवून उठवलं. नेहा म्हणाली, "मीच दिलं त्यांना." थोड्या वेळाने तो दिसला, नदीच्या बाजूने येत होता, एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने छातीशी बाळ. बाळाच्या पायाला ओली रेती लागलेली होती. धुंडाची चादर धरली गेली, मुलीचा कसला धुंड म्हणून कुरकुरणारेही काठ्या घेऊन उभे राहिले, आणि बापूने नाव ठेवलं. अरुणावती.

मग आपणहून सांगितलं, आणि इतकं एका दमात मी त्याला कित्येक वर्षांत बोलताना ऐकलं नव्हतं. "दूरची नावं लय ठेवली म्या. हे आपल्या इथचं हाये. तिथं जाईन त लोक इचारतीन, हे कायचं नाव हाये… मंग तिले आपली नदी सांगा लागीन. सांगता सांगता घर ध्यानात राह्यते मानसाच्या." नेहा रडत होती. मीही. रशियाबाई आता सत्तरीला टेकलेली, तिने येऊन बापूचे पाय धरले आणि म्हणाली, "काका, लय वर्सांनी तोंड उघडलं."

त्याच दिवशी दिवेलागणीला तो धोंड्यावर चढला. पोखरण गोठ्यात धार काढत होता, आम्ही बायका चुलीशी होतो. आवाज आला तेव्हा आधी मला कळलंच नाही कोणाचा आहे ते. फाटला होता, थरथरत होता. "ए रशिया… ए क्यूबा… ए अपोलो…" क्यूबा वारला त्याला बरीच वर्षं झाली, अपोलो सुरतेला आहे. "ए मुक्ती… ए पोखरण…" पन्नाशीचा माझा भाऊ बादली हातात घेऊन गोठ्यातून बाहेर आला आणि लहानपणी म्हणायचा तसं म्हणाला, "हाव बापू, आलो." आणि मग बापूने, इतक्या वर्षांनी, ते नाव घेतलं. "ए ताश्कंद…" घेऊन थांबला. नदीवरून धावत यायला पोराला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबला. शेवटी म्हणाला, "ए अरुणावती… चला जेवाले." आणि उतरला, पोखरणचा हात धरून. त्या रात्री तो पोटभर जेवला.

नेहा, जावई आणि अरुणावती चैत्रात गेले. वैशाखात बापू गेला. फोनवर नेहा हुंदके देत होती आणि मागे अरुणावती काहीतरी बडबडत होती, तिला कशाचाच पत्ता नव्हता. त्यांनी लांबूनच बघितलं सगळं, मोबाइलच्या पडद्यावर. मी दहावं-तेरावं होईपर्यंत तांड्यावरच राहिले. रोज दिवेलागणीला आमच्या सगळ्यांची नजर धोंड्याकडे जायची आणि आम्ही ती काढून घ्यायचो. शेवटच्या संध्याकाळी पोखरण म्हणाला, "ताई, आता हाक बंदच ना?" त्याच्या बोलण्यावरून माझ्या मनात आलं, या माणसाने जन्मभर सगळ्यांना हाका मारल्या, पण याला कोणी मारली? नुसतं नाव घेऊन त्याला घरी बोलावणारी माणसं, त्याचे आईबाप, कधीच गेली होती. आम्ही बापू म्हणायचो, तांडा काका म्हणायचा. जर्मन म्हणणारे गुरुजी होते, तेही राहिले नव्हते.

मी पदर खोचला आणि धोंड्यावर चढले. बापाचं नाव असं तोंडावर घेत नाहीत, मला माहीत आहे. बायका चुलीपासून उठून दारात आल्या. माझा आवाज बापूसारखा नाही, शाळेत वर्गापलीकडे कधी गेला नाही, पण जमेल तेवढा मोठा केला. "ए जर्मन… चल घरी, जेवाले." आणि तो थांबायचा तशी थांबले. नदीकडून वाऱ्याशिवाय काही आलं नाही. मग पोखरणने मला हात देऊन खाली उतरवलं आणि आम्ही पानांवर बसलो.